अस्पार्टेमचे दोन निकाल: कर्करोगकारकांची यादी आणि रोजची मर्यादा

१४ जुलै २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेल्या दोन तज्ज्ञगटांनी अस्पार्टेम या कृत्रिम गोडव्याबद्दल आपापले निकाल एकत्रच जाहीर केले. फ्रान्समधल्या लिऑं शहरातल्या 'आयएआरसी' या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला '२ब' गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग होण्याचं कारण असू शकेल असा पदार्थ. अन्नात मिसळल्या जाणाऱ्या रसायनांची तपासणी करणारी 'जेक्फा' समिती म्हणाली की १९८१ पासूनची मर्यादा बदलण्यासारखं काही हाती आलेलं नाही. बातम्यांत पहिला निकाल मथळ्यात गेला आणि दुसरा तळाशी. मग डाएट कोला पिणाऱ्यांना आणि चहात शुगर-फ्री गोळी टाकणाऱ्यांना वाटलं, या लोकांचं आपसातच पटत नाहीये.

भांडण काहीच नव्हतं. दोघांचे प्रश्न वेगळे होते.

आयएआरसी एवढंच तपासते की अमुक गोष्टीने कर्करोग होऊ शकतो का, आणि तसं म्हणायला पुरावा किती भक्कम आहे. किती खाल्लं, किती वर्षं खाल्लं, याचा हिशेब या गटवारीत धरलेलाच नसतो. गट १ म्हणजे पुरावा पक्का. २अ आणि २ब म्हणजे तो उतरत गेलेला. गट ३ म्हणजे ठरवता येईल इतका पुरावाच नाही. ही उतरंड पुराव्याची आहे, विषाच्या जोराची नाही, आणि गोंधळ होतो तो नेमका इथे.

२०१५ साली सॉसेज, बेकन, सलामी असं प्रक्रिया केलेलं मांस गट १ मध्ये गेलं. तंबाखू त्याच गटात असल्यामुळे 'सॉसेज सिगारेटइतकंच घातक' असे मथळे जगभर झळकले. आकडे काय होते? असं मांस रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. असं मांस भरपूर असलेल्या आहारामुळे जगात वर्षाला कर्करोगाचे साधारण ३४,००० मृत्यू होतात, असा अंदाज तेव्हा दिला गेला. तंबाखूचा आकडा होता सुमारे दहा लाख. गट एक, आणि फरक जवळपास तीसपट.

म्हणून यादी हसण्यावारी न्यावी असं मात्र नाही. त्याच गट १ मध्ये आपली सुपारीही आहे, तंबाखूशिवायची, नुसती. 'मी फक्त सुपारी खातो' हे जेवणानंतर ऐकू येणारं समर्थन तिथे टिकत नाही. याउलट २ब मधलं 'लोणचं' वाचून कैरीच्या बरणीकडे संशयाने बघायची गरज नाही. तिथे अभिप्रेत आहेत पूर्व आशियात पारंपरिक पद्धतीने खारवून आंबवलेल्या भाज्या. यादीतली नोंद पूर्ण वाचावी लागते. फॉरवर्डमध्ये तिचा अर्धाच भाग येतो.

आता जेक्फाची बाजू. ही समिती 'रोज स्वीकारता येईल असं प्रमाण' ठरवते: माणसाने जन्मभर दररोज घेतलं तरी लक्षात येण्याजोगा अपाय होऊ नये इतकं. उंदरांना वेगवेगळ्या मात्रा देऊन, अपाय न दिसलेली सर्वांत मोठी मात्रा शोधली जाते. अस्पार्टेमच्या बाबतीत ती शरीराच्या दर किलोमागे ४,००० मिलिग्रॅम होती. तिला शंभराने भागलं: दहापट सूट उंदीर आणि माणूस यांच्यातल्या फरकासाठी, दहापट माणसामाणसांतल्या फरकासाठी. उरले ४० मिलिग्रॅम. ७० किलोच्या माणसाला ही मर्यादा ओलांडायला दिवसाला ९ ते १४ कॅन डाएट पेय लागेल, हा हिशेब खूप गाजला. त्यात एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम अस्पार्टेम धरलं होतं.

हा आकडा कंपन्यांना फार सोयीचा आहे. वजन २० किलो धरून पाहा. मर्यादा ८०० मिलिग्रॅमवर येते, म्हणजे तीन-चार कॅन. लहान मूल रोज इतकं पीत नसेल, पण '९ ते १४' हा आकडा त्याच्यासाठी नव्हताच. शिवाय ही मर्यादा एकेका रसायनाची असते, आणि पाकिटावरच्या घटकांच्या यादीत ९५१ या क्रमांकाच्या, म्हणजे अस्पार्टेमच्या, शेजारी बऱ्याचदा ९५० क्रमांकाचा दुसरा गोडवाही असतो. मर्यादेत असणं म्हणजे उपयोगी असणंही नव्हे: वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे गोडवे वापरू नयेत, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी मे महिन्यात दिला होता. फेनिलकेटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी तर अस्पार्टेम टाळायलाच हवं.

नुसत्या गटावरून निर्णय होत नाही याचं चांगलं उदाहरण पावात सापडतं. बेकरीत मैदा ताणला जावा, पाव फुगावा म्हणून पोटॅशियम ब्रोमेट घालायचे. तेही २ब मध्येच, अस्पार्टेमच्या पंगतीला. पण ब्रोमेट डीएनएला इजा करतं, आणि अशा रसायनाला 'इथपर्यंत ठीक' अशी रेघ विश्वासाने आखता येत नाही. त्यामुळे पिठात ते वापरणं योग्य नाही, असं जेक्फाने १९९० च्या दशकातच म्हटलं होतं. मे २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने बाजारातल्या पावांची तपासणी जाहीर केली आणि पुढच्याच महिन्यात भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने ब्रोमेटवर बंदी आणली. बेकऱ्यांचंही फारसं अडलं नाही, कारण तेच काम क जीवनसत्त्व करू शकतं. अस्पार्टेम मात्र आजही कायदेशीर आहे.