मॉन्टे कार्लो पद्धत

एखादी घटना यादृच्छिक (रँडम) संख्यांच्या आधारे पुन्हा पुन्हा घडवून पाहायची आणि ती किती वेळा घडली हे मोजून तिच्या संभाव्यतेचा अंदाज बांधायचा, या रीतीला मॉन्टे कार्लो पद्धत म्हणतात.

समजा, 23 जणांच्या गटात किमान दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्याची शक्यता काढायची आहे. 1 ते 365 मधल्या 23 संख्या यदृच्छेने काढाव्यात. एखादी पुन्हा आली तर खूण करावी. असे 10,000 वेळा केले की खुणा 5,070च्या आसपास होतात. गणिताने येणारे उत्तरही 0.507 आहे. इथे सूत्र सोपे असल्याने ताळा घेता येतो. प्रत्यक्षात मात्र वर्षाच्या सगळ्या दिवशी सारखे जन्म होत नाहीत. ती विषमता सूत्रात आणायला गेले की गणित फुगत जाते; या पद्धतीत फक्त संख्या काढण्याचा नियम बदलला की झाले. तिचे खरे बळ यातच आहे.

1946 साली आजारातून उठत असलेले गणितज्ञ स्टॅनिस्लाव उलाम एकट्याने पत्ते खेळत होते. कॅनफील्ड नावाचा तो डाव सुटण्याची शक्यता किती, हे आकडेमोडीने काढता काढता ते थकले. त्यापेक्षा शंभर डाव मांडून सुटलेले मोजले तर, असे त्यांना सुचले. लॉस अलामोस या अमेरिकी अण्वस्त्र प्रयोगशाळेत अणुविखंडनातील न्यूट्रॉनचा प्रवास समजून घेण्याचे काम चालू होते. प्रत्येक न्यूट्रॉन कुठे आदळेल, शोषला जाईल की नवे न्यूट्रॉन सोडेल, हे संख्या काढून ठरवता येईल, हे गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी लगेच ओळखले. 1948 मध्ये एनिॲक या संगणकावर ही गणिते झाली. मॉन्टे कार्लो या जुगारासाठी प्रसिद्ध असलेल्या गावाचे नाव पद्धतीला द्यावे, असे भौतिकशास्त्रज्ञ निकोलस मेट्रोपोलिस यांनी सुचवले.

उत्तरातील चूक प्रयत्नांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. म्हणजे अचूकतेत एक दशांश स्थळ वाढवायचे तर शंभरपट प्रयत्न हवेत. ही किंमत मोठी आहे, आणि संगणकाशिवाय ती परवडत नाही.

संगणक सूत्राने काढतो त्या संख्या खऱ्या यादृच्छिक नसतात. त्यांना छद्म-यादृच्छिक म्हणतात. फॉन नॉयमन यांची रीत अशी: 1234 चा वर्ग 01522756, त्याचे मधले चार अंक 5227, पुन्हा वर्ग 27321529, मधले 3215. दिसायला हे अंक बेभरवशाचे वाटतात. पण 3792 आले की संपले: त्याचा वर्ग 14379264, मधले अंक पुन्हा 3792, आणि पुढे कायम तेच. 1960च्या दशकात सर्रास वापरल्या गेलेल्या रँडू या जनित्राचा, म्हणजे अशा संख्या काढणाऱ्या सूत्राचा, दोष याहून लपलेला होता. त्याच्या लागोपाठच्या तीन-तीन संख्या घनात बिंदू म्हणून मांडल्या तर सगळे बिंदू अवघ्या 15 समांतर प्रतलांवर पडतात. संख्या सदोष असतील तर लाखो प्रयत्न करूनही उत्तर चुकते, आणि ते चुकल्याचे कळतही नाही. म्हणून जनित्राची निवड हा या पद्धतीचा सर्वांत जोखमीचा भाग आहे.

छद्म-यादृच्छिकतेचा एक फायदाही आहे. सुरुवातीची संख्या, म्हणजे बीज, नोंदवून ठेवले की तेच प्रयत्न अगदी त्याच क्रमाने दुसऱ्या कोणालाही पुन्हा करून तपासता येतात.