खान्देशात जेवायचं कुठे, त्याआधी कधी

धुळ्याहून जळगावकडे निघालेला पाहुणा गाडीतूनच फोन लावतो आणि विचारतो, "वाटेत चांगलं जेवण कुठे मिळेल?" उत्तर ठरलेलं असतं. अमक्या फाट्यावर थांब, शेवभाजी खा. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. खान्देशातल्या ज्या जेवणाची आठवण माणूस पुढे वर्षानुवर्षं काढतो, ते बहुतेक वेळा पाटी लावलेल्या जागी मिळत नाही. ते मिळतं शेताच्या बांधावर, यात्रेच्या राहुटीत, भंडाऱ्याच्या पंगतीत किंवा ओळखीच्या ओळखीने कुणाच्या तरी ओट्यावर. हे असं का, याचं उत्तर इतिहासात आहे. या मुलखातून जाणारा रस्ता फार जुना आहे, आणि त्या रस्त्यावर दुसऱ्याने शिजवलेलं विकत घेऊन खाण्याची रीत त्या मानाने फारच नवी.

मोगलाईत सुरत बंदरातून उत्तरेकडे जाणारी एक मोठी वाट तापीच्या खोऱ्यातून जायची: नवापूर, नंदुरबार, चोपड्याच्या अंगाने बऱ्हाणपूर. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी ते फारुकी सुलतानांच्या खान्देशाचं राजधानीचं शहर. अकबराने १६०१ मध्ये बऱ्हाणपूरजवळचा असीरगड किल्ला घेतल्यावर हा सगळा मुलूख मोगलांकडे गेला आणि वाटेवरची वर्दळ आणखी वाढली. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात याच वाटेने बऱ्हाणपूरला पोचला. तिथल्या सराईत त्याला ज्या खोल्या मिळाल्या त्या भट्टीएवढ्याच होत्या, वरून गोल आणि विटांच्या, असं त्याने लिहून ठेवलंय. बिचाऱ्याने शेवटी स्वतःचा तंबू बरा मानला.

त्यानंतर काही दशकांनी आलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए मात्र नवापूरवर खूश दिसतो. तिथला तांदूळ नेहमीच्या तांदळापेक्षा बारीक, शिजला की बर्फासारखा पांढरा आणि त्याला कस्तुरीचा वास, असं तो सांगतो. इराणात कुणाला नजराणा द्यायचा तर या तांदळाचं पोतं न्यावं, इतकी त्याची किंमत. पण ताव्हर्निएच्या वर्णनात तांदूळ आहे, भात विकणारं दुकान नाही. त्या काळच्या प्रवाशाला मुक्कामी छप्पर मिळे, पाणी मिळे, वाण्याकडे पीठ, डाळ, तूप मिळे. चूल ज्याची त्याने मांडायची. सराईत भटियारे, म्हणजे रांधून देणारे, असत, पण त्यांच्या हातचं सगळ्यांना चालत नसे. कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाच्या विहिरीचं पाणी प्यायचं हे जातीवर ठरत होतं, तोवर रस्त्यावर खानावळ निघणार तरी कुणासाठी?

म्हणून शिदोरी. दुधात मळलेल्या दशम्या, ठेचा, कांदा, फार तर गुळाचा खडा. ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी तर जणू प्रवासासाठीच जन्मलेली. सोबत कोरड्यास, म्हणजे भाजी-आमटी, नसलं तरी चालतं. शेंगदाण्याचं कच्चं तेल आणि ठेचा असला की झालं. दोन भाकरी खाल्ल्या की माणूस दिवेलागणीपर्यंत चालतो. खान्देशातल्या चवीचा पाया हा असा टिकाऊ आणि कोरड्या जिनसांचा आहे. इथला उन्हाळा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा हिरवी भाजी मिळायची मारामार. मग उन्हाळ्यात घरोघरी वाळवणं: बिबडे, कुरडया, वड्या. भाजीच्या जागी डाळीचं पीठ: पाटोड्या, डुबुकवड्या, पिठलं. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे ढाब्यावर तीच भेटणार आहे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि १८१९ मध्ये कंपनी सरकारच्या कॅप्टन ब्रिग्जने खान्देशच्या कारभाराचं ठाणं म्हणून धुळ्याची निवड केली. कारण साधं होतं. गाव मध्यावर, आणि पुण्याहून हिंदुस्थानात, म्हणजे उत्तरेकडे, जाणाऱ्या वाटेवर. पुढे मुंबई-आग्रा रस्ता इथूनच गेला. सुरत-नागपूर रस्ता त्याला इथेच छेदतो आणि सोलापूरकडचा रस्ताही इथे येऊन मिळतो. आज धुळ्याभोवती ढाब्यांची जी दाटी दिसते तिचं मूळ दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या निर्णयात आहे. पण त्या काळात रस्त्यावर धावत होत्या त्या कापसाच्या बैलगाड्या, आणि गाडीवान झाडाखाली तीन दगडांवरच भाकरी भाजत होता.

बदल आणला तो आगगाडीने. भुसावळहून नागपूरला जाणारा फाटा १८६७ मध्ये सुरू झाला, १८७० मध्ये इटारसी-जबलपूर मार्गे मुंबई-कलकत्ता जोडलं गेलं, आणि भुसावळ नावाचं लहानसं गाव बघता बघता मोठं जंक्शन झालं. वाफेच्या इंजिनाला पाणी, कोळसा, कर्मचाऱ्यांची बदली, यासाठी गाडी बराच वेळ उभी राही. डब्यातून डब्यात जायची सोय नव्हती, त्यामुळे गाडीतल्या माणसाने जेवायचं ते फलाटावरच. साहेबासाठी टेबल मांडलेली खोली, हिंदूंसाठी वेगळा उपाहार, मुसलमानांसाठी वेगळा, पाणीवाले वेगळे. शिवाशीव सुटली नाही, ती नुसती फलाटावर रांगेत उभी राहिली. तरीही अनोळखी माणसाने शिजवलेलं अन्न पैसे टाकून खाणं इथे रोजचं झालं. माझ्या मते खान्देशातल्या हॉटेलांचा खरा इतिहास भुसावळच्या फलाटापासून सुरू होतो. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्यातली सुरतेकडची लाइन आणि चाळीसगाव-धुळे फाटा झाला, तसा स्टेशनाबाहेर चहा, भजी आणि उसळ यांचा धंदा आतल्या गावांपर्यंत पोचला.

त्याच सुमारास खाणावळी आल्या. जळगावला कापडगिरणी निघाली, अमळनेरला प्रताप मिल, चाळीसगावलाही गिरणी. खेड्यातून आलेला गिरणी कामगार, कोर्टातला कारकून, हायस्कूलचा मास्तर आणि शिकायला आलेली पोरं महिन्याच्या बोलीवर जेवू लागली. खाणावळ बहुधा एखाद्या विधवा बाईची किंवा एखाद्या कुटुंबाची असे. पाटीपेक्षा बाईंच्या नावाने ओळखली जाई. पण ही जागा रोजच्या माणसाची. वाटसरूला तिथे ताट मिळे ते कुणी गैरहजर असेल तर.

ढाबा ही त्या मानाने कालपरवाची गोष्ट. स्वातंत्र्यानंतर ट्रकची वाहतूक वाढली, आग्रा रोडवर पंजाबी ड्रायव्हर आले, त्यांच्यासाठी बाजा, म्हणजे खाटा, टाकलेले, तंदूर पेटवलेले ढाबे निघाले. दाल फ्राय आणि रोटी. भटारखान्यात काम करणारी पोरं मात्र आजूबाजूच्या गावातली, त्यांच्या हाताला वळण घरच्या काळ्या मसाल्याचं. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि ढाब्याच्या पाटीवर शेवभाजी चढली, असं मला वाटतं. ती पहिल्यांदा कुणी केली यावर गावोगाव दावे आहेत. त्या भांडणात पडण्यात अर्थ नाही. ती टिकली का, हे मात्र सांगता येतं. शेव डब्यात महिनाभर राहते, वाटण सकाळीच करून ठेवता येतं, भाजी बाजाराच्या भावावर काही अवलंबून नाही आणि रात्री दोनला गाडी थांबली तरी पाच मिनिटांत ताट तयार. पाटोडीच्या रश्श्यात मुरलेल्या जिभेला तीत परकं काही नव्हतंच.

करण्याची रीत बघण्यासारखी असते. कांदा आणि सुकं खोबरं आचेवर थेट काळं पडेस्तोवर भाजायचं, लसूण-आल्याबरोबर वाटायचं, मग तेलात ते वाटण इतकं परतायचं की तेल कडेने सुटून वर येतं. मसाला पडला की खोकला आलाच पाहिजे. रस्सा उकळला की ताटलीत वाढण्याच्या क्षणी जाड, तिखट शेव टाकायची. कढईतच शेव टाकून ठेवलेली दिसली तर मी दाल फ्राय मागवतो. गोळा झालेली शेव म्हणजे नुसतं ओलं पीठ.

पण जो पाहुणा शेवभाजी खाऊन "खान्देश खाल्लं" म्हणून परत जातो, त्याला हंगामाने फसवलेलं असतं. भरिताचंच घ्या. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते वांगं बारमाही नाही. यावल तालुक्यातल्या बामणोदसारख्या गावांची हिरवट-पांढरी, मोठी, कमी बियांची वांगी थंडीत येतात, आणि तेव्हाच कपाशीच्या वाळलेल्या काड्याही शेतात असतात. त्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, साल काढायची, हिरवी मिरची आणि लसणाबरोबर लाकडी भांड्यात ठेचायची. मग तेलाची फोडणी, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. लाल तिखट नाही, गॅसची आच नाही. शेतातल्या भरीत पार्टीला वीस माणसं सांगितलेली असतात आणि चाळीस येतात. वाटेने जाणारा अनोळखी माणूस दिसला तरी "बठ ना भो, जेवाले" अशी हाक येते. ही हाक आली तर घड्याळ बघू नये.

वरण-बट्टीचंही तसंच. लेवा पाटीदार समाजाच्या रावेर-यावल-भुसावळ पट्ट्यात लग्नाचं, भंडाऱ्याचं जेवण म्हणजे बट्टी, तुरीचं वरण आणि वांग्याची घोटलेली भाजी, केळीच्या पानावर. ही भाजी मोठ्या कढईत घोटावी लागते. चार माणसांची करून तिला ती चव येत नाही. म्हणून हॉटेलात ती कधी नीट जमलीच नाही. पुरणाच्या मांड्यांना आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, वाट बघावी लागते: उपड्या खापराखाली लाकडांचा जाळ, आणि पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत वाढवणारी बाई. श्रावणात कानबाई या देवीचे रोट असतात, पण ते घरच्यांचे, भाऊबंदांचे. पाहुण्याने तिथे मागू नये.

ज्याला ओळखपाळख नाही त्याने यात्रा धरावी. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो, वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा, चैत्रात धुळ्याला एकवीरा देवीची, महाशिवरात्रीला मुक्ताईनगर-चांगदेव. परक्या माणसासाठी शिजवण्याची इथली जुनी व्यवस्था यात्रेचीच, कारण तिथे येणारा प्रत्येकजणच परगावचा. नंदुरबारकडे जायचं असेल तर हिवाळ्यात जा. शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत असते आणि शिंका देतच गावात शिरावं लागतं. सातपुड्यात धडगाव भागात उन्हाळ्यात आदिवासी घरांच्या अंगणात कैरीच्या फोडी आमचुरासाठी पसरलेल्या असतात. तिकडे जेवण आठवडे बाजाराच्या दिवशी मिळेल, इतर दिवशी चहावर भागवावं लागेल.

अलीकडे "खान्देशी थाळी" नावाचा प्रकार निघालाय. एकाच ताटात भरीत, मांडा, शेवभाजी, बट्टी, कळण्याची भाकरी, आणि तेही मे महिन्यात. पुण्या-मुंबईत ठीक आहे, तिथे माणूस घरची आठवण खायला जातो. खुद्द खान्देशात मात्र मे महिन्यात भरीत वाढणाऱ्या जागेचं बाकीचंही मी जपूनच खाईन.

त्यापेक्षा बचत गटांच्या बायकांनी धरलेली वाट मला जास्त पटते. आगाऊ सांगा, माणसं किती ते सांगा, त्या दिवशी जे आहे ते मिळेल. जळगावातली थंडीतली भरीत केंद्रंही त्याच जातीची: वांगी सुरू झाली की चूल पेटते, किलोवर भरीत विकलं जातं, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने डबे पुण्याला जातात, आणि हंगाम सरला की शटर खाली. चौपदरी महामार्ग आता बऱ्याच गावांना वळसा घालून जातो, त्यामुळे यातलं काहीच गाडीतून दिसत नाही. थांबायचंच असेल तर पारोळ्याला किंवा एरंडोलला गावात वळा आणि हॉटेलवाल्याला नाही, भाजीवालीला विचारा, की या आठवड्यात कुणाकडे कार्य आहे का.