पवनाथडी जत्रेत बचत गटाला स्टॉल हवा असेल तर: पात्रता, कागदपत्रे आणि सोडत

पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेची पवनाथडी जत्रा खवय्यांमध्ये प्रसिद्ध असली, तरी ती मुळात भरते ती विकणाऱ्या बायकांसाठी. वस्तीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत पापड, मसाले, लोणची किंवा गोधड्या करणाऱ्या बाईला हमरस्त्यावर गाळा घेणे परवडत नाही आणि तिच्या दारापर्यंत गिऱ्हाईक येत नाही. म्हणून मैदान, मांडव, वीज आणि गर्दी महापालिकेने उभी करायची आणि गटांनी आपला माल घेऊन यायचे, अशी या जत्रेची रचना आहे. थडी म्हणजे नदीचा काठ. भीमेच्या काठची ती भीमथडी, तशी पवनेच्या काठची ही पवनाथडी. सांगवीतील सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मैदानावर ती अनेकदा भरलेली आहे आणि थालीपीठ किंवा खांडोळी खायला आलेल्या माणसाला आपण एका सरकारी योजनेच्या आत उभे आहोत, याचा पत्ताही नसतो.

योजनेची बाजू मात्र गटांनी समजून घेतलेली बरी. महिला व बालकल्याणासाठी 5 टक्के आणि दिव्यांगांच्या कल्याणासाठी 5 टक्के निधी राखून ठेवण्याचे बंधन राज्यातील महापालिकांवर आहे आणि असे उपक्रम त्या चौकटीत बसतात. पिंपरी-चिंचवडमध्ये हे काम समाज विकास विभाग पाहतो. जुन्या मंडळींच्या तोंडी अजूनही त्याचे ‘नागरवस्ती’ हेच नाव आहे. स्टॉल मिळणे म्हणजे कोणा पुढाऱ्याची मेहेरबानी, असा समज वस्त्यांमध्ये खोलवर रुजलेला आहे आणि त्यापायी पात्र असलेले अनेक गट अर्जच करीत नाहीत. गटांचे अर्ज भरून देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आले आहे. त्या अनुभवावरून सांगते की, गट बाहेर पडतात ते ओळख नसल्यामुळे क्वचित आणि एखादा कागद अर्धवट असल्यामुळे बहुधा.

गट कोणता धरला जातो

स्टॉलसाठी अर्ज बचत गटाच्या, म्हणजे कागदोपत्री स्वयंसहायता समूहाच्या नावाने करायचा असतो. शहरी भागात राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषांनुसार गटात 10 ते 20 सदस्य असावे लागतात. दिव्यांग व्यक्तींच्या गटासाठी ही अट शिथिल असून 5 सदस्यही चालतात. महिला आर्थिक विकास महामंडळाने, म्हणजे ‘माविम’ने बांधलेले गटही असतात. गट कोणीही बांधलेला असो, तो चालू आहे हे दिसले पाहिजे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, वेळेवर परतफेड आणि अद्ययावत हिशेब ही पंचसूत्री गटातल्या बायकांना तोंडपाठ असते, परंतु कार्यालयात ती तोंडी सांगून चालत नाही. ती वहीत उमटलेली असावी लागते. म्हणून इतिवृत्ताची वही आणि बचतीची वही जाहिरात निघाल्यावर एका रात्रीत लिहून काढू नये. एकाच पेनाने, एकाच हाताने लिहिलेल्या सहा महिन्यांच्या बैठका आणि सगळ्या सह्या एका ओळीत, असा प्रकार तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही, आणि मग खऱ्या चाललेल्या गटाकडेही संशयाने पाहिले जाते.

गट महापालिकेच्या हद्दीतला असणे ही दुसरी अट. चाकण, देहू किंवा मुळशीकडच्या गावांतले गट पिंपरीच्या बाजारात रोज येत-जात असले, तरी हद्दीबाहेरचा पत्ता म्हणजे अर्ज बाद होण्याचे कारण ठरू शकते. सदस्यांपैकी काही जणी लग्नानंतर इथे आलेल्या असतात आणि त्यांच्या आधार कार्डावर बीडचा, लातूरचा किंवा सोलापूरचा पत्ता तसाच राहिलेला असतो. पदाधिकाऱ्यांच्या बाबतीत तरी हा पत्ता आधीच बदलून घ्यावा.

कागदपत्रे

गटाचे नोंदणी प्रमाणपत्र किंवा महापालिकेकडील नोंदीचा पुरावा, गटाच्या नावाच्या बँक खात्याचे पासबुक, अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष यांची आधार कार्डे, पत्त्याचा पुरावा, छायाचित्रे, सदस्यांची यादी आणि जत्रेत भाग घेण्याचा ठराव, एवढा संच प्रत्येक गटाने कायम तयार ठेवावा. जाहीर आवाहनात त्या वर्षीची यादी छापलेली असते आणि अंतिम मानायची ती तीच. परंतु आवाहन निघाल्यापासून अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंतचे दिवस मोजकेच असतात, आणि वर सांगितलेल्यापैकी एखादा कागद त्या दिवसांत नव्याने काढणे जवळपास अशक्य असते.

यांत सर्वांत जास्त घोळ होतो तो नावाचा. नोंदणीपत्रावर ‘महिला बचत गट’, पासबुकावर ‘महिला स्वयंसहायता समूह’ आणि शिक्क्यावर आणखी तिसरेच काही, असे तीन अवतार एकाच गटाचे असतात. एका वर्षी मी मदत करीत असलेल्या एका गटाच्या पासबुकावर बँकेने नावाआधीचा ‘श्री’ गाळला होता. अर्ज घेणाऱ्या कर्मचाऱ्याने दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले, बोट ठेवून अक्षरे जुळवली आणि अर्ज परत दिला. मागच्या बाकावर बसलेल्या कोषाध्यक्ष बाईंनी पिशवीतून शिक्का काढून दाखवला, त्यावर ‘श्री’ होता. पण शिक्का हा पुरावा नव्हे. बँकेत नाव दुरुस्तीचा अर्ज दिला, दुरुस्ती झालीही, मात्र तोवर सोडत होऊन गेली होती. त्या वर्षासाठी भरलेले वीस किलो मसाले त्या बायकांनी घरोघरी फिरून विकले.

बँक खाते अजून उघडलेलेच नसेल, तर एक गोष्ट ठामपणे माहीत असावी. बचत खाते उघडताना गटातल्या प्रत्येक सदस्याची ओळखपत्रे बँकेने मागू नयेत, पदाधिकाऱ्यांची पुरेशी आहेत, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. सर्व सदस्यांची पडताळणी पुढे कर्ज देताना केली जाऊ शकते. गट नोंदणीकृत नसला, तरी त्याचे बचत खाते उघडण्यास हरकत नाही, हेही 1990 च्या दशकापासून मान्य झालेले आहे. काऊंटरवरचे उत्तर वेगळे मिळाले, तर शाखा व्यवस्थापकांना लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. तोंडी नकाराचा कागद कुठेच राहत नाही.

खाद्यपदार्थांचा स्टॉल

खाद्यपदार्थांच्या स्टॉलला मागणी सर्वाधिक असते आणि जबाबदारीही त्यालाच अधिक असते. अन्नपदार्थ विकणाऱ्या गटाकडे अन्न सुरक्षा नोंदणी हवी. 2011 च्या नियमावलीनुसार वर्षाची उलाढाल 12 लाख रुपयांच्या आत असेल, तर परवान्याची गरज नसून साधी नोंदणी पुरते, आणि बहुतेक गट याच मर्यादेत बसतात. अर्ज ऑनलाइन होतो. त्यासाठी छायाचित्र, ओळखपत्र आणि पदार्थ जिथे तयार होतो त्या जागेचा तपशील लागतो. मिळणारा 14 अंकी क्रमांक स्टॉलवर दिसेल असा लावायचा असतो. पापड, चटणी, मसाला असा बंद पाकिटातला माल असेल, तर पाकिटावर पदार्थाचे नाव, निव्वळ वजन, घटक, पॅकिंगची तारीख, किंमत, करणाऱ्याचा पत्ता आणि शाकाहारी मालासाठी चौकोनातला हिरवा ठिपका आवश्यक आहे. हाताने लिहून चिकटवलेली चिठ्ठी दमट हवेत पुसली जाते. छापील लेबल करून घेण्याचा खर्च पहिल्याच दिवशी भरून निघतो.

गॅसच्या बाबतीत गटांची गफलत ठरलेली असते. घरातला 14.2 किलोचा लाल सिलिंडर उचलून स्टॉलवर आणण्याचा मोह होतो, परंतु घरगुती सिलिंडर व्यवसायासाठी वापरता येत नाही. 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. नळी आयएसआय चिन्हाची आणि न चिरलेली असावी, आणि मांडव कापडाचा असल्याने अग्निशमनाविषयीच्या सूचना गांभीर्याने घ्याव्यात. थर्माकोलच्या ताटल्या व प्लास्टिकचे चमचे 2018 च्या राज्याच्या अधिसूचनेने बंद केलेले असून पहिल्याच गुन्ह्याला 5,000 रुपये दंड आहे. पत्रावळी आणि द्रोण आधीच घेऊन ठेवावेत, कारण जत्रेच्या आठवड्यात त्यांचाही भाव चढतो.

दिव्यांग आणि तृतीयपंथी अर्जदार

महिला गटांखेरीज ज्यांना असे व्यासपीठ मिळणे अवघड जाते, त्यांत दिव्यांग आणि तृतीयपंथी व्यक्ती येतात. या शहराने त्या दिशेने काही पावले टाकलेली आहेत: 2022 मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षा आणि ग्रीन मार्शल (उघड्यावर घाण करणाऱ्यांवर कारवाई करणाऱ्या) पथकांत काम दिले गेले, तर जानेवारी 2025 मध्ये चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये ‘पर्पल जल्लोष’ हा दिव्यांगांचा महोत्सव भरवण्यात आला. अशा उपक्रमांत सहभागी व्हायचे किंवा दिव्यांग म्हणून सवलत मागायची, तर वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, हा मुख्य पुरावा. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमात 21 प्रकारचे दिव्यांगत्व मान्य आहे आणि बहुतेक शासकीय लाभांसाठी ते किमान 40 टक्के असावे लागते. कार्डावरील पट्ट्याचा रंगच प्रमाण सांगतो: 40 टक्क्यांच्या आत पांढरा, त्यापुढे पिवळा आणि 80 टक्के व त्याहून अधिक असल्यास निळा. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज केल्यावर रुग्णालयात तपासणी होते आणि त्यात बराच काळ जातो, त्यामुळे जत्रेच्या हंगामात हे काम सुरू करून उपयोग नाही.

तृतीयपंथी व्यक्तींसाठी 2019 च्या अधिनियमाखाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून ओळखीचे प्रमाणपत्र मिळण्याची तरतूद आहे आणि त्याचा अर्ज राष्ट्रीय पोर्टलवरून करता येतो. त्या प्रमाणपत्राच्या आधारे पुढे आधार व बँकेतील नोंदी बदलून घ्याव्यात, कारण वर सांगितलेला ‘श्री’चा घोळ इथे कितीतरी पटींनी मोठा असतो: आधारवर एक नाव, समाजात ओळखले जाते ते दुसरे नाव आणि खात्यावर कोणाचे तरी तिसरेच.

ज्या दिव्यांग सदस्याला प्रत्यक्ष स्टॉल सांभाळायचा आहे, तिने अर्जासोबतच उतार, प्रवेशद्वाराजवळची जागा किंवा व्हीलचेअर फिरेल एवढी रुंदी यांची लेखी मागणी जोडावी. मांडवाची आखणी सोडतीनंतर बदलणे कठीण असते. तोंडी सांगितलेली मागणी मांडववाल्यापर्यंत पोहोचत नाही, हे मी एकदा मैदानावर, चाकाखाली फळ्या सरकवत अनुभवलेले आहे.

अर्ज, सोडत आणि नंतर

आवाहन वृत्तपत्रांतून आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर येते. समूह संघटकांच्या, म्हणजे वस्त्यांत गटांचे काम पाहणाऱ्या कार्यकर्त्यांच्या, व्हॉट्सॲप गटावर ते लवकर पोहोचते, पण अर्धे कापून; पूर्ण मजकूर वाचल्याशिवाय अर्ज भरू नये. शहरात ‘अ’ ते ‘ह’ अशी आठ क्षेत्रीय कार्यालये आहेत. अर्ज कुठे द्यायचा, हे आवाहनात असते, आणि चुकीच्या खिडकीवर दिलेला अर्ज पुढे सरकतोच असे नाही. अर्जात वस्तूचा प्रकार नेमका लिहावा. ‘खाद्यपदार्थ’ एवढेच न लिहिता शाकाहारी की मांसाहारी, जागेवर शिजवणार की बंद पाकीट, हे स्पष्ट करावे, कारण त्यावरून स्टॉलची रांग ठरते. शेवटी पोच घ्यावी आणि तिच्यावर तारीख व शिक्का आहे का, ते खिडकीवरच पाहावे.

अर्ज स्टॉलपेक्षा जास्त आले की सोडत काढली जाते. सोडतीला गटातल्या किमान दोघींनी जाण्याचा आग्रह मी धरते; एकीला ऐकू आलेला क्रमांक दुसरीने लिहून घ्यावा. चिठ्ठी निघाली नाही, तरी फोन बंद ठेवू नये, कारण ऐनवेळी माघार घेणारे गट असतात आणि मोकळी झालेली जागा फोन उचलणाऱ्या गटाला मिळते. आपला अर्ज कोणत्या कारणाने बाद झाला, हे लेखी मागता येते. उत्तर न मिळाल्यास माहिती अधिकारात 10 रुपये शुल्क भरून विचारता येते आणि त्याला 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. त्या उत्तराने त्या वर्षीची जत्रा परत मिळत नाही, पण पुढच्या अर्जात नेमकी कोणती दुरुस्ती करायची, ते कळते.

स्टॉल लागल्यावर तो दुसऱ्याला भाड्याने देणे हा या साऱ्या व्यवस्थेला लागलेला सर्वांत वाईट रोग आहे. गटाच्या नावाने सोडत जिंकायची आणि गल्ल्यावर कोणा व्यापाऱ्याने बसायचे, यात दोन-तीन हजारांचा सुटा फायदा दिसतो. पण पाहणीत सापडल्यास स्टॉल जातो, पुढचा अर्ज अडचणीत येतो, आणि खऱ्या गटाची जागा गेलेली असते ती वेगळीच. म्हणून रोज कोण कोण बसणार, याची यादी करून ती स्टॉलवर लावावी आणि सदस्यांची ओळखपत्रे सोबत ठेवावीत.

रोजची विक्री त्याच रात्री वहीत उतरवावी आणि रोख रक्कम दुसऱ्या दिवशी गटाच्या खात्यात भरावी. अनामत रक्कम घेतलेली असल्यास स्टॉल झाडून, वीजजोडणी परत करून तिची मागणी लेखी करावी. जत्रेच्या त्या चार-पाच दिवसांचा भरणा पासबुकावर ठळक दिसतो, आणि पुढे गटाच्या कर्जाचा प्रस्ताव गेला की बँकेचा अधिकारी पहिल्यांदा तेच पान उघडतो.