टॉवरखाली अंधार

देवगडकडच्या आमच्या वाडीत रेंज हवी तर सड्यावर जावं लागतं. काका रोज संध्याकाळी मोरीच्या कठड्याला टेकून, फोन कानाला घट्ट दाबून मुंबईच्या मुलाशी अर्धा-अर्धा तास बोलतात आणि घरी येईपर्यंत फोन असा तापलेला असतो की खिशात ठेववत नाही (ती गरमी मुख्यतः बॅटरी नि चिपची, ते असो). आणि हेच काका वाडीच्या मीटिंगमध्ये सगळ्यात मोठ्याने म्हणाले, "टॉवर नको, मोहोर गळतलो!"

मोहोर गळायला तुडतुडे, भुरी आणि ऐन वेळचं मळभ पुरेसं आहे हो. पण रेडिएशनची भीती खरी असते, म्हणून मर्यादा नेमकी ठरते कशी ते बघूया.

मोबाईलच्या लहरी एक्स-रेसारख्या नाहीत, अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याएवढी ताकद त्यांच्यात नसते. त्यांचा पक्का सिद्ध झालेला परिणाम म्हणजे अंग तापणं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दर किलो वजनामागे साधारण ४ वॅट अंगात मुरले की शरीराचं तापमान अंदाजे १ अंश चढतं आणि वागणं बदलतं असं दिसलं, मग त्याला थेट ५० ने भागलं आणि सामान्य लोकांसाठी ०.०८ वॅट ठेवलं. म्हणजे ६० किलोच्या माणसाला जेमतेम ५ वॅट, आणि आपण नुसते ओसरीवर बसून असलो तरी आपलं अंग स्वतःच ८०-१०० वॅट उष्णता तयार करत असतं!

आता कोणाच्या पोटात मीटर घालून तर मोजता येत नाही, म्हणून बाहेर हवेत मोजतात, एका चौरस मीटरवर किती वॅट पडतात ते. ९०० मेगाहर्ट्झच्या मोबाईल लहरींना आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय मंडळाने १९९८ मध्ये ४.५ वॅटची मर्यादा सांगितली होती, भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठी त्याचा दहावा भाग घेतला, ०.४५.

हिशेबच करू. समजा अँटेनाला २० वॅट दिले आणि तिने ते एका दिशेला ५० पट एकवटले, तर बरोब्बर झोतात ५० मीटरवर उभं राहिलं तरी पडतात सुमारे ०.०३ वॅट, १०० मीटरवर त्याच्या पाव. आणि झोत खाली पडतच नाही, दीपगृहासारखा लांबवर जातो, पायथ्याशी उरतं ते अगदी थोडं. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं. म्हणून "टॉवर अगदी घराला लागून" ही तक्रार ऐकली की मी आधी विचारतो, अँटेनाचं तोंड कुठे आहे? समोरच्या गच्चीकडे रोखलेली असेल तर मात्र मोजून घ्यायलाच हवं. २०१७ मध्ये सरकारने तरंग संचार पोर्टल काढलं तेव्हा त्यावर ४००० रुपये भरून मोजणी मागवायची सोय ठेवली होती.

आता कानाचा फोन. त्याची मर्यादा वेगळी, कुठल्याही १ ग्रॅम पेशींवर सरासरी काढून किलोला १.६ वॅट. गंमत अशी की टॉवर लांब असला की फोन ओरडून बोलतो, जवळ असला की कुजबुजतो. ४जी फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटपर्यंत जातो आणि टॉवर जवळ असेल तर त्याच्या हजाराव्या भागातही काम भागवू शकतो. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या लहरी "कदाचित कर्करोगकारक" गटात टाकल्या, त्यालाही मुख्य कारण कानाला लावलेला फोन होता, पुरावा तोकडाच होता आणि त्याच गटात आपल्या कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे.

काकांना स्टार हॅश ०७ हॅश डायल करून त्यांच्या फोनचा आकडा दाखवला. १.६ च्या आतच होता. सगळं शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी, चष्मा पुसला आणि विचारलं, "ता सगळा बरोबर. पण भाडा कोणाक मिळतला?"