परक्या सरकारवर दावा लावायचा तर : कलम ८६ च्या संमतीचा अर्ज

गोव्यात गावोगाव कुणी ना कुणी बोटीवर किंवा आखातात असतो. परदेशी बंदरात तिथल्या पोलिसांनी खलाशाला डांबून मारझोड केली, तर परतल्यावर त्या देशावर इथे भरपाईचा दावा लावता येईल का? मडगावच्या किंवा म्हापशाच्या न्यायालयात थेट नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ८६ प्रमाणे आधी केंद्र सरकारची लेखी संमती लागते, तीही सचिवाने प्रमाणित केलेली. शिवाय त्या न्यायालयाला मुळात अधिकारक्षेत्र हवंच.

संमतीसाठी चारपैकी एक तरी गोष्ट दिसावी लागते: त्या देशाने तुमच्यावर त्याच न्यायालयात दावा लावलेला आहे, न्यायालयाच्या हद्दीत त्याचा व्यापार चालतो, हद्दीतल्या त्याच्या ताब्यातल्या स्थावर मालमत्तेचा वाद आहे, किंवा त्याने आपलं कवच, म्हणजे परक्या न्यायालयात आपल्यावर दावा न होण्याचं संरक्षण, स्वतःहून सोडलं आहे. छळ आणि युद्धगुन्हे या यादीत नाहीत, आणि मला हेच खुपतं. परक्या सरकारच्या भाडेकरूला घराच्या वादात संमतीशिवाय दावा लावता येतो, पण कोठडीत हाडं मोडलेल्या माणसाला नाही. जर्मनी-इटली खटल्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ३ फेब्रुवारी २०१२ रोजी नाझी अत्याचारांच्या बाबतीतही हे कवच उचलून धरलं. तेव्हा कलमात पाचवा मुद्दा संसदेनेच घालायला हवा.

तोवर चारपैकी जो मुद्दा लागू पडतो तो अर्जात पहिल्याच परिच्छेदात लिहा. अर्ज नवी दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाकडे करा. दाव्याचा मसुदा, प्रतिज्ञापत्र, पासपोर्ट, सीडीसी (खलाशाच्या नोकरीची नोंदवही) आणि वैद्यकीय कागद जोडा. इस्पितळाच्या कागदावरची तारीख सीडीसीतल्या साइन-ऑफच्या, म्हणजे बोटीवरून उतरल्याच्या, तारखेशी ताडून बघा. कागद अरबी असेल तर शिक्क्यातल्या ओळीचंही भाषांतर करून घ्या. तारीख हिजरी असली तर शेजारी इंग्रजी तारीख हवी.

बेकायदा डांबल्याच्या भरपाईची मुदत सुटकेपासून अवघी एक वर्ष आहे. संमतीसाठी गेलेला काळ मुदतीच्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे वजा होतो, म्हणून अर्जाची पोच जपून ठेवा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर गोवा राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्नाची अट नाही.

नकार देण्याआधी सरकारने तुमचं म्हणणं ऐकलंच पाहिजे. न ऐकता नकार आला तर पर्वरीला उच्च न्यायालयात रिट करता येते. दावा जिंकलात तरी त्या देशाच्या मालमत्तेवर दरखास्त (निकालाची वसुली) चालवायला पुन्हा वेगळी संमती घ्यावी लागते.