नोकरी एकाची जाते, झळ सगळ्या घराला

चाकणला कॉन्ट्रॅक्ट संपला किंवा हिंजवडीत कुणाला नारळ मिळाला की सगळ्यांना आधी ईएमआय आठवतो, आणि ती काळजी खरीच आहे, पण घर बिघडतं ते फक्त पैशामुळे नाही. हे कळून खरं तर 90 वर्षं होऊन गेली. 1930 च्या सुमारास व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल गावातली कापडगिरणी बंद पडली, जवळजवळ सगळं गाव तिच्यावरच जगत होतं. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या तरुण संशोधकांनी तिथल्या 478 कुटुंबांचा अभ्यास केला.

आता वेळच वेळ म्हटल्यावर लोक वाचत बसतील असं वाटेल ना, तर उलटंच झालं, वाचनालयाची फी माफ करूनही पुस्तकं नेणं जवळपास निम्म्यावर आलं. पुरुषांना दिवसभर काय केलं तेही नीट सांगता येईना, रस्त्यात सुद्धा हळू चालायचे, मधेमधे थांबायचे. बायका मात्र भराभर चालत होत्या, कारण स्वयंपाक, धुणं, मुलं यातलं काहीच सुटलं नव्हतं आणि पैसे तर आधीपेक्षा कमी. आपल्याकडे वेगळं काय आहे? नवरा घरी बसला म्हणून बायकोचं काम कुठे कमी होतं!

याहोदांनी नंतर मांडलं की नोकरी पगाराशिवायही खूप काही देते, दिवसाला शिस्त, घराबाहेरची माणसं, सगळ्यांनी मिळून काही केल्याचं समाधान, हाताला काम आणि समाजात ओळख. पुण्यात नवा माणूस भेटला की "कुठे असता कामाला?" हे पहिल्या दोन मिनिटांत येतंच, म्हणून मग माणूस लग्नकार्यालाही जायचं टाळतो.

2009 साली कार्स्टन पॉल आणि क्लाउस मोझर यांनी शेकडो अभ्यास एकत्र तपासले, बेरोजगारांपैकी 34 टक्के लोकांना मानसिक त्रास होता, नोकरीवाल्यांमध्ये 16 टक्के.

आणि मुलं. "लहान आहेत, त्यांना काय कळतंय" हे मला अजिबात पटत नाही. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या ग्रामीण कुटुंबांवर रँड कॉन्गर यांनी काम केलं, त्यात दिसलं की पैशाची तंगी मुलांपर्यंत बहुतेक वेळा आईबाबांमधून पोचते, म्हणजे आधी काळजी, मग खचणं नाहीतर चिडचिड, मग दोघांची भांडणं, आणि शेवटी मुलावर उगाच ओरडणं किंवा त्याच्याकडे लक्षच नसणं. यातली पगाराची कडी आपल्या हातात नसते पण मधल्या एकदोन असतात, खरं काय झालंय ते मुलांना सोप्या शब्दांत सांगणं हे तर आजच करता येतं.

मिशिगन विद्यापीठाने नोकरी गेलेल्यांसाठी अर्ध्या अर्ध्या दिवसाची 5 सत्रं घेऊन पाहिली, नोकरी कशी शोधायची आणि नकार आला तर कसं सावरायचं याची तयारी, आणि ज्यांना डिप्रेशनचा धोका जास्त होता त्यांनाच जास्त फायदा झाला. आपल्याकडे सोसायट्यांचे हॉल आहेत, एचआरमधून रिटायर झालेली माणसं आहेत, पिंपरी-चिंचवडपासून सुरुवात करता येईल, फक्त नवराबायको दोघांनाही बोलवा.