कृपाण (क्षेपणास्त्रवाहू कॉर्व्हेट)

कृपाण : भारतीय नौदलाची खुकरी वर्गातील कॉर्व्हेट (लहान, चपळ युद्धनौका). बत्तीस वर्षांच्या सेवेनंतर २२ जुलै २०२३ रोजी व्हिएतनाममधील काम रान्ह येथे ती त्या देशाच्या नौदलाकडे सोपवण्यात आली. नौदलाने ठेवलेले नाव ‘किरपाण’ या पंजाबी वळणाचे आहे; येथे मूळ संस्कृत आणि मराठीत रुळलेले रूप घेतले आहे.

‘कॉर्व्हेट’ या शब्दाच्या उगमाविषयी एकमत नाही. फ्रेंचमध्ये तो साधारणतः पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आढळतो. जुना पक्ष त्याचे मूळ लॅटिन ‘कोर्बिता’ या धान्यवाहू गलबताच्या नावात पाहतो. हे नाव ‘कोर्बिस’, म्हणजे टोपली, यावरून पडले. पण कोर्बिता जड आणि संथ, तर कॉर्व्हेट हलकी व चपळ, ही अडचण उरतेच. दुसरा पक्ष मध्ययुगीन डच ‘कोर्फ’ या शब्दाकडे बोट दाखवतो. त्याचा अर्थ टोपली, शिवाय एक प्रकारची लहान नाव. त्याला फ्रेंच लघुत्वदर्शक प्रत्यय लागला. हा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. ‘कोर्फ’ हाही बहुधा ‘कोर्बिस’वरूनच घेतलेला असल्याने वाद खरे तर मुळाचा नसून वाटेचा आहे. मराठी आरमारातील गुराब ही शिडाची युद्धनौका कामाने कॉर्व्हेटच्या जवळची. गुराबचे नाव अरबीतून आले. तेथे त्याचा अर्थ कावळा, आणि लॅटिनमध्ये ‘कॉर्वस’ म्हणजेही डोमकावळाच. म्हणून दोन्ही नावे जोडण्याचा मोह होतो, तो टाळावा.

ब्रिटिश नौदलात मागे पडलेली ही संज्ञा दुसऱ्या महायुद्धात ‘फ्लॉवर’ वर्गाच्या काफिलारक्षक नौकांमुळे परत आली. तरीही फ्रिगेट (कॉर्व्हेटहून सहसा मोठी युद्धनौका) आणि कॉर्व्हेट यांच्यातील सीमा धूसरच राहिली. याचे उत्तम उदाहरण याच नावाची आधीची नौका, पहिली कृपाण होय. ब्रिटनमध्ये बांधलेली ही पाणबुडीविरोधी फ्रिगेट १९७१ च्या युद्धात, ९ डिसेंबरला दीवजवळ बुडालेल्या खुकरी या फ्रिगेटच्या सोबतीला होती. १९७८ मध्ये कृपाण आणि तिच्याच वर्गातील कुठार या नौका नव्या तटरक्षक दलाकडे गेल्या. काही वृत्तांतांत त्यांना ‘लहान कॉर्व्हेट’ म्हटले आहे; नौदलाच्या वर्गवारीप्रमाणे त्या फ्रिगेटच. म्हणजे कृपाण नावाची नौका दुसऱ्या दलाकडे जाण्याची २०२३ ही पहिली वेळ नव्हे.

दुसरी कृपाण कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत बांधली गेली आणि १२ जानेवारी १९९१ रोजी सेवेत आली. लांबी ९० मी., रुंदी १०.४५ मी., कमाल विस्थापन (नौकेने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन) सुमारे १,४५० टन, वेग २५ नॉटच्या (ताशी सुमारे ४६ किमी.) आसपास. तीवर सुमारे १२ अधिकारी व १०० नौसैनिक असत. जहाजविरोधी क्षेपणास्त्रे, ७६ मिमी. व ३० मिमी. तोफा ही मुख्य शस्त्रे. ती पूर्व ताफ्यात होती. भेट देण्याची घोषणा जून २०२३ मध्ये झाली. २८ जूनला विशाखापट्टणम सोडून ८ जुलैला ती काम रान्हला पोहोचली. ती शस्त्रसंभारासह दिली गेली, हे महत्त्वाचे. शस्त्रे उतरवून दिलेला सांगाडा आणि लढण्यास सज्ज नौका यांत मोठा फरक असतो.

ही नोंद खानदेशातील वाचकांपुढे ठेवताना सांगायला हवे, की खानदेशाला किनारा नाही. तापीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या बऱ्हाणपूर–सुरत मार्गाने येथला माल बंदराला लागे. समुद्राशी जुना संबंध एवढाच. संरक्षण उत्पादन मात्र परके नाही : वरणगावला लहान शस्त्रांची काडतुसे बनतात आणि भुसावळलाही आयुध निर्माणी आहे. जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांत ही नौका भेटते ती चालू घडामोडींच्या टिपणांत. तेथील विद्यार्थ्यांसाठी एक बाब मुद्दाम नोंदवावीशी वाटते. ‘भारताने परदेशाला दिलेली पहिली युद्धनौका’ असे तिचे वर्णन करू नये. ‘कार्यरत अवस्थेत मित्रदेशाला दिलेली पहिली क्षेपणास्त्रवाहू कॉर्व्हेट’ एवढेच बरोबर. त्यापूर्वी तारमुगली ही गस्ती नौका २००५ मध्ये सेशेल्सला, तिल्लनचांग २००६ मध्ये मालदीवला आणि सिंधुवीर ही पाणबुडी २०२० मध्ये म्यानमारला देण्यात आली होती.